आष्टीच्या घाटातले सहाशे वीस मीटर

आष्टीच्या शर्यतीचं पत्रक आमच्या पेपरच्या ऑफिसात आलं ते बातमीसाठी. चार ओळींत बसवायचं म्हणून वाचायला घेतलं आणि ‘अंतर २१.१ किलोमीटर, मार्ग घाटाचा’ या ओळीवर थांबले. हे २००८ च्या हिवाळ्यातलं. मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होते. अर्धमॅरेथॉनमधली माझी सर्वांत चांगली वेळ दोन तास एक मिनिट तेरा सेकंद, तीही नागपूरच्या सपाट रस्त्यावरची. दोन तासांच्या आत यायचा प्रयत्न तीन वर्षं चालला होता. गुडघा कुरकुरत होता आणि हंगाम संपला की लांब शर्यती बंद करा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. घाटात कोणी आपली वेळ सुधारत नाही, हे मलाही कळत होतं. पण हंगामातली उरलेली शर्यत ही एकच. शनिवारची सुटी टाकली.

नागपूरहून अमरावतीकडे जाणारी एसटी पकडायची आणि तळेगावला उतरायचं. कंडक्टरला आधी सांगून ठेवलेलं बरं. तिथून आष्टीला काळीपिवळी मिळते, पण ती भरल्याशिवाय हलत नाही आणि भरली म्हणजे काय, हे ड्रायव्हर ठरवतो. मी दोन बायका आणि एका कोंबडीच्या टोपलीच्या मध्ये बसून गेले. दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगीचे, मृग बहाराची फळं अजून झाडावर. मुक्कामाची सोय आयोजकांनी केली होती. पुरुष शाळेत, आम्ही तिघी बायका क्रीडाशिक्षक वानखडे सरांच्या घरी.

दुपारी सरांनी जीपमधून मार्ग दाखवला. सोबत शामरावजी होते, बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले मैलकुली. तीस वर्षं रस्त्याचे खड्डे बुजवले, कडेचे दगड रंगवले. मार्ग मोजायचं काम सरांनी त्यांना दिलं तेव्हा मोटारसायकलच्या मीटरवर मोजू, असं कोणी तरी सुचवलं होतं. शामरावजी त्या माणसाशी आठवडाभर बोलले नाहीत. त्यांनी तीस मीटरच्या लोखंडी साखळीनं वळणापर्यंतचा सगळा रस्ता मोजला; परतीचा रस्ता तोच.

“तीनशे एक्कावन्न साखळ्या अन् वर वीस मीटर,” ते मला म्हणाले. “येक बोट इकडचं तिकडं नाई.”

पहिले सात किलोमीटर रस्ता हळूहळू चढतो. शेवटचे साडेतीन म्हणजे खरा घाट, सागाच्या जंगलातून. वर चाळीसेक घरांचं गाव, निम्मी घरं गोंडांची. वळायची रेघ गावाच्या पार टोकाला, एका कौलारू घरासमोर चुन्यानं मारलेली. सकाळी तिच्यावर खुणेचा पत्र्याचा ड्रम ठेवायचा होता. घराच्या ओसरीत खाटेवर एक म्हातारी पडून होती. फुलाबाई. तिच्या मुलानं सांगितलं, पंधरा दिवसांपासून अन्न जात नाही. ती मात्र माझ्या बुटांकडे बघत होती.

“काऊन पळता वं बाई?” तिनं विचारलं. “मागं कोन लागलं?”

कोणी नाही, मी म्हटलं. मग सावकाश ये, ती म्हणाली, चहा पिऊन जाजो. उद्या पळणाऱ्यांसाठी इथं डफडी वाजणार, हे तिला कोणी तरी सांगितलेलं होतं आणि त्याची ती वाट बघत होती.

रविवारी सकाळी साडेसहाला हुतात्मा स्मारकापासून साठेक जण सुटलो. थंडी बोचरी होती. हातमोजे विसरू नका. पहिले सात किलोमीटर मी हात राखून पळाले. घाटात पावलं आखूड केली आणि घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून दर वळणावर बघितलं. वर पोहोचले तेव्हा ठरवलेल्या वेळेपेक्षा बरीच पुढे होते.

डफडी वाजत नव्हती. वळायचा ड्रम गावाच्या अलीकडे, तिथल्या शाळेपाशी होता. फेटा बांधलेल्या एका माणसानं हातानंच वळा अशी खूण केली. पुढे रस्त्याच्या टोकाला, कौलारू घरासमोर, माणसं उकिडवी बसलेली दिसली. शाळा आणि ते घर यांत अंतर आहे, हे मी आदल्या दिवशी पाहिलं होतं. विचारायला एक वाक्य पुरलं असतं. मी घड्याळ बघितलं आणि वळले.

उतारावर गुडघ्यानं तक्रार केली नाही. स्मारकापाशी आले तेव्हा घड्याळात एक तास सत्तावन्न मिनिटं बावन्न सेकंद होते. मी रस्त्याच्या कडेला मांडी घालून बसले आणि थोडी रडले. सोबतच्या बायकांना वाटलं, पायात गोळा आला.

जेवणाला रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण. इथं शर्यत नसली तरी यावं असं जेवण. दुसरा रोडगा कुस्करत होते तेव्हा वळणाचं सामान आवरायला सायकलनं वर गेलेले शामरावजी परत आले. ते जेवायला बसले नाहीत. सरांना बाजूला बोलावलं, मग मलाही. फुलाबाई पहाटे गेली होती. मयताच्या दारात डफडी वाजवायची नाही आणि पळणाऱ्यांचा गलबलाही नको, म्हणून गावानं ड्रम उचलून शाळेपाशी ठेवला होता. शर्यत मोजूनमापून असते, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. शामरावजींनी खात्री करायला पुन्हा मोजलं होतं.

“दहा साखळ्या अन् वर दहा मीटर. जाऊन येऊन सहाशे वीस.”

सर हळू आवाजात म्हणाले, “राहू द्या ना, शामरावजी. सर्टिफिकिटं वाटून झाली. कोणाले समजते?”

“मले समजते.” मग माझ्याकडे वळून, चेहऱ्यावरची रेघही न हलवता, “ताई, तुमचे सहाशे वीस बाकी हायेत. जेवन झालं का पळून घ्या.”

सर हसले. मीही हसले आणि मनात गणित केलं. माझ्या त्या दिवसाच्या वेगानं सहाशे वीस मीटरला साडेतीन मिनिटांच्या वर लागली असती. म्हणजे दोन तास एक मिनिट सव्वीस सेकंद. दोन तास राहिले बाजूला, जुन्या वेळेपेक्षाही तेरा सेकंद जास्त. सरांना म्हटलं, माझ्या सर्टिफिकिटावर अंतर दुरुस्त करून द्या. त्यांनी नाइलाजानं पेन काढलं. बाकीच्यांना माईकवरून शामरावजींनीच सांगितलं. थोडी कुरकुर झाली. पहिला आलेला मुलगा म्हणाला, मी तरी पहिलाच ना, आणि विषय संपला.

दुपारी जीप सामान आणायला वर निघाली, तिच्यात मी बसले. माती देऊन लोक परतले होते. फुलाबाईच्या मुलाला शर्यतीचं कळलं होतं.

“आमच्यापायी तुमचं कमी भरलं, बाई.”

मी शाळेपाशीच बघितलं होतं, मला कळायला हवं होतं, असं काहीसं बोलले. त्यानं बसायला सांगितलं. घरात चूल पेटलेली नव्हती. शेजारच्या घरातून चहा आला. तो मी पायऱ्यांवर बसून प्यायले. समोर चुन्याची रेघ तशीच होती, तिच्यावर एकही बूट पडलेला नव्हता. मला सोडून सामान भरायला शाळेपाशी गेलेल्या जीपकडे परत जायचं होतं, तेवढं अंतर चालत गेले. दोन्ही वेळचं मिळून सहाशे वीस झालं असतं, पण येताना जीपमध्ये होते.

संध्याकाळच्या एसटीनं नागपूरला आले. बातमी चार ओळींचीच दिली, अंतर २०.४८ लिहून. दोन तासांच्या आत मी अजून आलेले नाही. ते सर्टिफिकिट टेबलाच्या काचेखाली आहे. वेळ टाईप केलेली, अंतर खोडून पेनानं लिहिलेलं.

यंदा दिवाळीनंतर शामरावजींचं पोस्टकार्ड आलं. वळण यापुढे शाळेपाशीच राहणार. सुटायची आणि पोहोचायची जागा त्यांनी दहा साखळ्या आणि दहा मीटर मागे घेतली, तिथं दगड पुरून पांढरा रंगवला. तुम्ही येणार का, असं फुलाबाईच्या मुलानं विचारलं, म्हणून लिहितो, असं म्हणून शेवटची ओळ होती, ‘या खेपेला अंतर पूर्ण हाय. डफडी वाजनार. येजो.’

गुडघ्याचं मी अजून डॉक्टरांना काही विचारलेलं नाही. शनिवारची सुटी मात्र टाकली आहे.