कॅप्टन तांडेलांची नोकरी

खऱ्याखुऱ्या माणसाची नसेल इतकी माहिती माझ्या भावोजींना कधीच न जन्मलेल्या एका माणसाची होती. हा माणूस म्हणजे अंतराळ नौदलाचे कॅप्टन तांडेल. भावोजी त्यांच्यावर विज्ञानकादंबरी लिहिणार होते. कादंबरीची ओळ मी कधी पाहिली नाही, पण कॅप्टनचं गाव मनोरी, नक्षत्र विशाखा, डावीकडची दाढ किडलेली आणि यानात बंदी असूनही ते सुके बोंबील लपवून नेत, हे मालाडच्या आमच्या अख्ख्या सोसायटीला पाठ होतं. ताई आमटीत मीठ विसरली तरी भावोजी शांतपणे म्हणत, "तांडेलांना अळणीच लागतं." एकदा डॉक्टरांकडे स्वतःचा खोकला दाखवायला गेले आणि कॅप्टनच्या दाढेचं औषध घेऊन आले.

कॅप्टनचं बालपण नीट कळावं म्हणून ते रजा टाकून मार्वेच्या धक्क्यावर मनोरीच्या होड्या बघत बसत. तिथे त्यांना एकदा आमच्या तळमजल्यावरचे परब दिसले. संपानंतर परबांची गिरणी उघडलीच नव्हती. दुसरीकडे काम लागलं असं घरी सांगून ते रोज डबा घेऊन निघत आणि धक्क्यावर येऊन बसत. "कुणाक सांगू नकात," परब म्हणाले. भावोजींनी शब्द दिला आणि पाळला. सांगितलं फक्त कॅप्टनला.

त्या वर्षी सोसायटीच्या गणपतीत भावोजींनी कॅप्टनची पूर्वपीठिका वाचून दाखवली. नौदलातून काढून टाकलेले तांडेल रोज सकाळी गणवेश चढवून निघतात, अंतराळबंदराच्या कठड्यावर बसून दुपारी डबा खातात आणि बायकोला वाटतं, स्वारी मंगळावर गेली. मांडव हसत होता. परबवहिनीही हसत होत्या. हसता हसता त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. परब मान खाली घालून चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत होते. वहिनींचं हसू थांबलं. ते भावोजींनी स्टेजवरून पाहिलं आणि वाक्य अर्धवट सोडून ते खाली उतरले.

मग परबांचं दार टाळून भावोजी मागच्या फाटकाने ऑफिसला जाऊ लागले. जेवण ताटात तसंच राही. "मी त्याला चारचौघांत उघडं पाडलं गं," ते ताईला म्हणाले.

"मग खाली जाऊन त्यांना सांगा. मला काय सांगताय?"

एकट्याने जायचा धीर होईना, म्हणून मला बरोबर नेलं. वहिनींनी चहा ठेवला. परब खिडकीशी बसले होते. भावोजींच्या तोंडून "परब, मी…" एवढंच आलं. कान लालबुंद झाले होते. परबांनी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही.

"तुमच्या कप्तानाक परत जहाज गावला काय?"

कॅप्टनच्या दाढेपर्यंत सगळं ठाऊक असलेल्या माणसाला एवढंच ठाऊक नव्हतं. "ते अजून लिहिलं नाही," ते पुटपुटले.

"मगे लिवा," वहिनी आतून म्हणाल्या. "उशीर झालो तरी चलात. पन जहाज गावूक व्हया."

भावोजींनी मान हलवली. चहावर साय धरली तरी कप उचलवला नाही.

त्यानंतर कॅप्टनचा विषय त्यांनी आपणहून काढला नाही. सोसायटीत नवीन आलेला कुणी किस्से ऐकून गमतीने विचारायचा, सध्या तांडेल कुठे असतात? भावोजी नजर चुकवून म्हणत, "शोधतोय रे तो काम. लागेल कुठेतरी."