हवालदारांच्या घरात माणसं किती?

"मावतंय की!" असं म्हणत हवालदार उजव्या हातानं हवेतच माणसं बाजूला सारायचे. मग दारात वळकटी घेऊन उभा असलेला नवा गडी आत जायचा आणि इकडे माझ्या कपाळावर आणखी एक आठी चढायची.

सांगलीतल्या त्या गल्लीत त्यांची आणि आमची मधली भिंत एकच. फौजेतून सुटलेले हवालदार कुपवाडच्या एका कारखान्यावर पहारेकरी होते. मूळचे उंब्रजकडचे. तिकडून म्हणा, आष्ट्याकडून म्हणा, कुणी कामाच्या शोधात आलं की यांनी त्याला कारखान्यात चिकटवलंच आणि घरात घेतलंच. खोल्या दोन! दिवसपाळीचा उठला की त्याच अंथरुणावर रात्रपाळीचा आडवा व्हायचा.

वर आम्हालाच ऐकवायचे, "आवं गुरुजी, बराकीत आमी यापेक्षा दाटीनं झोपलोय."

झोपा की, खुशाल झोपा! पण सगळ्या गल्लीला नळ एकच होता, आणि सकाळच्या रांगेत निम्म्या बादल्या यांच्या. माझी बायको घागर घेऊन ताटकळायची आणि तिचा राग मला चहाबरोबर मिळायचा. दुसरा नळ मागून मागून आमच्या चपला झिजल्या. शेवटी नगरपालिकेनं कळवलं, माणसं मोजू, दाटी दिसली तर नळ देऊ.

कारकून आला तसा मी त्याला मुद्दाम आधी हवालदारांकडे नेलं. सोप्यात कारखान्यातली ती पोरं जेवायला बसली होती, पंगतच म्हणा ना.

"घरात माणसं किती?"

"दोन. मी आन् ही."

"आणि ही सगळी?" मी ओरडलोच.

"ती पावणं हायत, गुरुजी. जेवत्या पावण्याला कुनी मोजतं व्हय? तेबी त्येच्या तोंडावर?"

कारकुनाचं काय जातंय, त्यानं दोन लिहिले. गल्लीत दाटी नाही असं ठरलं, नळ नामंजूर. कितीतरी दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. तुम्ही तरी बोलला असता का?

पुढे कुपवाडला कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या झाल्या. पोरांची लग्नं झाली, एकेक जण वळकटी उचलून गेला. भिंतीपलीकडचा गोंगाट थांबला. सुटलो बाबा, म्हटलं. नळाचा नाद मात्र मी सोडला नव्हता. खेटे घालून पुन्हा मोजणी मिळवली.

तोच कारकून, तोच प्रश्न. हवालदार उंबऱ्यावर एकटेच बसले होते. आत त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, तांदूळ निवडत होत्या. हवालदारांनी एकदा मागं वळून घरात पाहिलं.

"सतरा," ते म्हणाले.

कारकुनानं आत डोकावलं.

"दिसत नाही कोणी?"

"कामाला गेल्यात. येत्याल सांजच्याला." आणि एकेकाचं नाव, गाव सांगत सुटले. काकूंनी पदर डोळ्यांना लावला. कारकुनानं सतरा लिहिले.

कारकून गेल्यावर मात्र मी त्यांना गाठलंच. "अहो, होती तेव्हा दोन, आणि आता कोणी नाही तर सतरा! डोकं फिरायची पाळी आणली तुम्ही माझी!"

"दोन म्हनायला जीभच रेटंना, गुरुजी."



नळ मंजूर झाला, तोही नेमका त्यांच्याच दारासमोर. पण नगरपालिकेचं काम ते, तोटी बसेपर्यंत हवालदार वारले होते. पहिल्या दिवशी पाणी धो धो आलं. मान म्हणून गल्लीनं काकूंना पुढं केलं. त्यांनी एक कळशी भरली, "मला पुरं एवढं," म्हणाल्या आणि आत गेल्या.