मायनं परत आणलेला कापूस

दर्यापूरकडच्या आमच्या गावात त्या हिवाळ्यात धड गादी अशी कुणाच्या घरात उरली नव्हती. अमेरिकेत भावाभावांचीच मोठी लढाई जुंपली होती. तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला होता, आणि आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला कधी कुणी ऐकला नव्हता असा भाव आला होता. वावरातला कापूस वेचून झाला तशी लोकांनी उशा फाडल्या, मग गाद्या, मग पोरींच्या लग्नासाठी करून ठेवलेल्या रजया. अकोल्याकडे गाड्या गेल्या की वाटेवरच्या बाभळींना पुंजके लटकलेले दिसत. आम्ही मुली ते वेचून बाहुल्यांची पोटं भरायचो.

मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. घरात बाबा, माय, बाबांची आई, मी आणि पाच महिन्यांची धाकटी बहीण. आजीचं कमरेचं हाड आदल्या पावसाळ्यात ओसरीवरून पडून मोडलं होतं, तेव्हापासून ती गादीवरच असायची. गादीवरूनच ती सगळं घर चालवायची.

बाबा माणूस वाईट नव्हते. पण चार लोक करतात ते आपण केलं नाही की त्यांना आपण मागे पडलो असं वाटायचं. एक दिवस सकाळी ते हातात विळा घेऊन घरात आले आणि म्हणाले, "साऱ्या गावानं गाद्या इकल्या. आपूनच येडे हाव का?"

माय चुलीपाशी भाकरी थापत होती. ती म्हणाली, "आमच्या घ्या. आमी वाकळ आंथरून निजू."

बाबांनी आमच्या तीन गाद्या फाडल्या, उशा फाडल्या, बहिणीचं दुपटंसुद्धा उसवलं. मग ते आजीच्या गादीपाशी येऊन उभे राहिले. आजीच म्हणाली, "घे रे बाप्पा, माही बी घे. मले काय, मी चटईवर पडीन."

मायनं हातातली भाकरी तव्यावर टाकली, हात धुतले आणि सरळ येऊन सासूच्या पायाशी गादीवर बसली. "आत्याबाई, तुमी हालू नका," ती म्हणाली. मग बाबांकडे पाहून, "ह्या गादीले विळा लावाचा असन त पह्यले मले उठवा."

तव्यावरची भाकरी करपायला लागली, तरी ती उठली नाही. बाबांनी विळा आढ्याच्या वाशात खोचला आणि बाहेर गेले.

दोन दिवसांनी गाडी जुंपली. नव्या कापसाचे पाच बोरे आणि त्यांच्यावर गाद्यांतल्या जुन्या कापसाचं मोठं गाठोडं. मायचं माहेर अकोल्याच्या अलीकडे होतं. परत येताना एक मुक्काम तिथे करू म्हणून ती आजीला शेजारणीवर सोपवून आम्हा दोघींना घेऊन गाडीत बसली. पूर्णा उतरताना पाणी जेमतेम बैलांच्या गुडघ्याला लागत होतं. मी पहिल्यांदाच एवढा प्रवास करत होते. अकोला दिसायच्या आधी त्याची धूळ दिसली.

बाजारात गाड्यांना गाड्या लागलेल्या. माणसांच्या मिशा, बैलांच्या पापण्या, सगळं कापसानं पांढरं झालेलं. बाबांचा अडत्या, म्हणजे आमचा माल व्यापाऱ्याला लावून देणारा माणूस, गाडीपाशी आला. त्यानं बोऱ्यात हात घातला आणि नव्या कापसावर मान डोलावली. मग गाठोड्यात हात घातला, एक पिवळट गोळा काढला, नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं.

"ह्याले त लेकराच्या मुताचा वास येऊन राहिला!"

आजूबाजूचे गाडीवान हसले. बाबाही ओशाळं हसले. मला वाटलं, आता हा माणूस गाठोडं परत करील. पण त्यानं आवाज खाली आणून सांगितलं, "असं करा, बोरे सोडा. हे मधात भरा, नवा कापूस भवताल ठेवा, वरून घागरभर पानी शिपडा, वजन भरते. सारेच करून राहिले."

बाबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि पहिल्या बोऱ्याची सुतळी सोडायला घेतली.

माय बहिणीला कडेवर घेऊन गाडीतून उतरली. त्या सगळ्या बाजारात आमच्यासारख्या घरची दुसरी बाई नव्हती. डोक्यावरचा पदर तिनं दातात धरला होता, तो बोलण्यासाठी सोडला.

"काय करून राहिले?"

"तू गाडीत बैस," बाबा मान वर न करता म्हणाले.

"बोरा बांधा. त्यात माह्या हातानं वेचलेला कापूस हाय. त्यात मी पोरीचं मूत नाई घालू देत."

आता हसणारे थांबले. अडत्या समजुतीनं म्हणाला, "बाई, हा माल विलायतेले जाते. तिथं कोन वास घ्याले बसलं?"

"विलायतेत बी कोनाच्या तरी लेकराच्या आंगावर पडन ना तो?" माय म्हणाली. "ते लेकरू काय आपलं दुस्मन हाय?"

बाबांचे हात सुतळीवर तसेच राहिले. मी गाडीच्या कडेच्या लाकडाला घट्ट धरून बसले होते. त्यांनी मायवर हात उचलला असता तर मी काय करणार होते, कोण जाणे. त्यांनी कधी उचलला नव्हता, पण एवढ्या लोकांत त्यांना कधी कुणी अडवलंही नव्हतं. शेवटी त्यांनी सुतळीला पहिल्यापेक्षा घट्ट गाठ मारली आणि अडत्याला म्हणाले, "नवा तेवढाच घ्या. बाकीचा वापस नेतो."

परतीच्या वाटेवर पूर्णेपर्यंत ते नुसते बैल हाकत राहिले. मायच्या माहेरी भाकरी खाल्ली तीही खाली मान घालून. नदी उतरल्यावर मात्र म्हणाले, "चार लोकाईत माही इज्जत घालवली तुनं."

"घालवली का ठेवली, ते घरी गेल्यावर आत्याबाईले इचारा."

घरी आजीनं सगळं ऐकलं. माझ्याकडून दोनदा ऐकलं. मग तिनं बाबांना जवळ बोलावून एवढंच सांगितलं, "फाडल्या तुनं, आता भरू बी तूच लाग."

गावात पिंजारी उरला नव्हता. सगळे शहरात कामाला गेले होते. तेव्हा आम्हीच कापूस अंगणात उन्हात टाकला आणि गोळे बोटांनी उकलत बसलो. तीन दिवस लागले. आजीला गादीसकट दारापाशी आणून ठेवलं होतं. बाबा पहिल्या दिवशी रागानं उकलत होते. दुसऱ्या दिवशी त्यांना शिंका यायला लागल्या, आणि इतक्या आल्या की आधी माय हसली, मग आजी, मग तेही. तिसऱ्या दिवशी गाद्या शिवताना दुसरं टोक त्यांनीच धरलं होतं. पुढे हीच गोष्ट ते पाहुण्यांना अशी सांगत, जणू बोरा बांधायचं त्यांनीच ठरवलं होतं. माय मधे कधी बोलली नाही.

मी मोठी झाल्यावर एकदा तिला विचारलं, तुला भीती नाही वाटली? ती म्हणाली, "वाटली ना. पन खरं सांगू का? बेइमानी गिमानीचं मंग सुचलं. पह्यले राग आला तो त्या अडत्यानं माह्या लेकराच्या वासानं नाक मुरडलं म्हून." हे तिनं मला सांगितलं याचा मला आजही अभिमान वाटतो. स्वतःला आहे त्याहून थोर करून सांगणं तिला जमत नसे.

लढाई संपली आणि भाव जसा चढला तसा उतरला. मी सासरी अमरावतीला आले. आधी आजी गेली, काही वर्षांनी बाबा गेले. धाकटी केव्हाच सासरी गेली होती; घर रिकामं झालं, तेव्हा मी मायला माझ्याकडे आणलं. लेकीच्या घरचं पाणी कसं पिऊ, असं म्हणत आली आणि महिन्याभरात माझ्या चार पोरांची सत्ता तिच्या हाती गेली. पोरं भांडली की ती दोघांनाही आधी जेवायला घालायची. "उपाशी पोटाचा न्याय कच्चा रायते," म्हणायची.

माझ्या थोरल्या मुलीला शाळेत घालायचा विषय निघाला तेव्हा सासूबाईंनी जेवण सोडलं. मी गप्प बसले. माय गप्प बसली नाही. ती विहिणीशेजारी जाऊन बसली, तिचे पाय चेपून दिले, इकडच्या तिकडच्या गोष्टी केल्या, आणि दुसऱ्या दिवशी दोघी म्हाताऱ्या नातीला मधे धरून शाळेच्या दारापर्यंत गेल्या. काय बोलणं झालं ते दोघींनीही शेवटपर्यंत सांगितलं नाही. ती मुलगी घरी येऊन पाटीवर गिरवायची, आणि तिच्या शेजारी बसून मीही गिरवायला शिकले. पस्तिशी ओलांडली होती माझी.

माय गेली ती सकाळी, तुळशीला पाणी घालून आल्यावर, भिंतीला टेकून बसल्या बसल्या. नातवाला वाटलं डुलकी लागली, म्हणून तो बाकीच्या पोरांना गडबड करू देत नव्हता.