पेशंटच्या रिकाम्या जागेतलं उत्तर

हसू नका कुणी, आज दुपारचीच गोष्ट आहे.

नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेसाठी मी जयपूरला गोपालपुऱ्यात हॉस्टेलवर राहते. इंग्रजीच्या सरावात नर्स आणि पेशंटचा संवाद असतो, पेशंटची उत्तरं आपण भरायची. मी नर्सचे प्रश्न मोठ्याने वाचून मोबाइलवर रेकॉर्ड करते आणि उत्तरापुरती थांबते; मग ते लावून त्या मोकळ्या जागेत उत्तरं म्हणते.

आज खोलीत एकटीच होते. "दुखतंय का?" असं इंग्रजीत विचारलं, थांबले. मग रेकॉर्डिंग ऐकलं, तर त्या शांततेत एक म्हातारी बाई हळूच म्हणाली, "हो गं बाळा, खूप."

अख्ख्या हॉस्टेलात मराठी बोलणारी मी एकटीच आहे.

पुढचा प्रश्न आहे, "कुठे दुखतंय?" अजून मोठ्याने वाचलेला नाही.

पण नर्स व्हायचंय मला. विचारायलाच हवं ना?