दुपारची भाषा

तिसरं वर्ष सरत आलं तरी माझी मुलगी बोलत नव्हती. ऐकायची सगळं. हाक मारली की वळायची, टाळी वाजवली की हसायची, पातेलं पडलं की दचकायची, पण शब्द म्हणून तोंडातून फुटत नव्हता. शेजारणी म्हणायच्या, ‘काही पोरं उशिरा बोलतेत वो, कायले घोर लावून घेता?’ मला मात्र घोर लागला होता. तिच्या ओठांकडे बघत बघत माझा चहा रोज थंड व्हायचा.

आम्ही तिरोड्याला राहतो. नवरा विजेच्या प्लांटमध्ये नोकरीला. घर पोवारांचं, म्हणून सासूबाई पोवारी बोलतात. प्लांटमध्ये निम्मा देश भरती झालेला, त्यामुळे नवऱ्याच्या तोंडी हिंदी बसलेली. गल्लीत झाडीबोली, नवरा माझ्याशी तीच बोलतो. आणि मी नागझिऱ्याच्या जंगलाकडेच्या गावातली, गोंडाची मुलगी. आमचं लग्न झालं तेव्हा दोन्ही घरं बरेच दिवस फुगून बसली होती, ती कथा वेगळी. मराठी मला आश्रमशाळेत मिळाली आणि मी तिला जीव लावला. तिनं मला पुस्तकं दिली, हे लिहिणंही तिचंच. पण त्याच्या आधीची माझी भूक, माझी भीती, आईनं मारलेली हाक, सगळं गोंडीतलं आहे.

मुलीला घेऊन आम्ही गोंदियाला एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाई मायाळू होत्या. कान तपासले, ठोकळे देऊन खेळवलं, मग विचारलं, ‘घर में कौन-सी भाषा बोलते हैं?’ आम्ही सांगायला लागलो. आजी ही, बाप ती, आई आणखी तिसरी, गल्लीत चौथी. बाईंनी पेन खाली ठेवलं. ‘बच्ची कन्फ्यूज हो रही है,’ त्या म्हणाल्या. ‘घर में एक ही भाषा रखिए.’

परतीच्या गाडीत नवरा एकदम हलका झाला होता. कारण सापडलं की पुरुषमाणसाला निम्मं दुखणं बरं झाल्यासारखं वाटतं. खिडकीबाहेर उन्हाळी धानाच्या बांध्यांमध्ये पाणी भरलेलं होतं, आभाळ खाली उतरून बसलं होतं, आणि हा बोलत होता. ‘घरात काय, साऱ्या जगातच एक भाषा पाहिजे. बिरसीच्या विमानतळाले पाह्य ना, विमान शिकणारी पोरं कुठकुठली राहतेत. पण वर गेली का सारे एकाच भाषेत बोलतेत. नाही बोलले तं आपटतीन. आमच्या प्लांटातबी तसंच. सरक म्हटलं तं साऱ्याले समजलं पाहिजे, नाही तं माणूस जाते.’

मला त्याचं पटलं. काय खोटं होतं त्यात? मुलगी माझ्या मांडीवर झोपली होती आणि मी पाण्यातल्या आभाळाकडे बघत त्या एकभाषी जगाचा विचार करत राहिले. तिरोडा कधी आलं कळलं नाही.

संध्याकाळी घरात सभा बसली. हिंदीला सासूबाईंनी नाक मुरडलं, ती बाजाराची. पोवारी मला अर्धीमुर्धीच येते. झाडीबोली मुलीचं पुढे शाळेत हसू करील, असं नवरा म्हणाला. गोंडीचं नाव कुणी काढलं नाही. मीही नाही काढलं, कारण ती घरात एकट्या मला येत होती. शेवटी पुस्तकातली मराठी ठरली. ती आमच्यापैकी कुणाचीच नव्हती, त्यामुळे कुणाला वाईट वाटायचं कारण नव्हतं.

मग आमच्या घरात जी गंमत सुरू झाली! सासूबाईंनी टीव्हीवरच्या बातम्यांतून मराठी उचलली. सकाळी मला विचारायच्या, ‘सूनबाई, भोजनाची व्यवस्था झाली काय?’ नवऱ्याचा राग तर फुकटच जाऊ लागला. एकदा भाजीत मीठ जास्त झालं. तो ताटावरून उठला, तोंड लाल झालं, आणि म्हणाला, ‘हे योग्य नाही.’ सासूबाईंना हसू आवरेना. मीही हसले. पण हळूहळू घर गप्प होत गेलं. सासूबाई पूर्वी तांदूळ निवडताना एकट्याच बडबडायच्या, कुणाचं तरी लग्न, कुणाची तरी म्हैस. आता नुसते तांदूळ निवडायच्या. बोलायच्या आधी माणसं थांबायची आणि थांबली की बोलायचं राहून जायचं.

माझं काय झालं ते सांगते. ती जन्मल्यापासून मी तिच्याशी गोंडीतच बोलत आले होते. न्हाऊ घालताना, भरवताना, काही ठरवून नाही, आपोआप. आता ‘बाळा, पाणी पी’ म्हणताना मला शाळेत उभं राहून धडा वाचल्यासारखं वाटायचं. ‘येर’ म्हटलं की माझ्या जिभेवर पाणीच यायचं. पाणी म्हटलं की पेला दिसायचा. ती पाणी प्यायची आणि माझ्याकडे असं बघायची, जणू पलीकडच्या घरातली बाई तिला भरवते आहे. मला फार वाईट वाटायचं.

आई आली होती तेव्हा भेटायला. तिला गोंडीशिवाय धड काही येत नाही. मी तिला बाजूला घेऊन नियम सांगितला. तिनं ऐकून घेतलं, वाद घातला नाही. दिवसभर नातीला मांडीवर घेऊन केस विंचरत बसली, तोंड मिटून. राहायला म्हणून आली होती, पण दुसऱ्याच दिवशी निघाली. बसमध्ये चढताना मला म्हणाली, ‘तुझ्यानंतर तुझ्या घरात माझं बोलणं कुणाला कळणार नाही.’ रागानं नाही म्हणाली. मला वाटतं रागानं म्हणाली असती तर मी घरी येऊन भांडले असते.

त्याच सुमारास मला एक स्वप्न पडलं. आमच्या गावचा बाजार भरला आहे आणि त्यात सगळं जग आलं आहे. काळी माणसं, गोरी माणसं, चपट्या नाकाची, सगळी मोहाच्या झाडाखाली पाल टाकून बसलेली, आणि सगळ्यांचं सगळ्यांना कळतं आहे. कुणी हातवारे करत नाही. कुणी कुणाला फसवत नाही. मी आनंदात फिरते आहे, भाव विचारते आहे. आणि मग मला आई हवी होते. ती इथेच कुठेतरी आहे, मला हाका मारते आहे, पण सगळे आवाज एकाच रंगाचे झालेत आणि त्यातला तिचा कुठला ते मला ओळखू येत नाही. जागी झाले तेव्हा उशी ओली होती.

त्या दुपारी मुलगी निजली होती. कूलर घरघरत होता, ओल्या वाळ्याचा वास खोलीभर पसरला होता, पडद्यातून निळसर उजेड येत होता. सासूबाई पलीकडे घोरत होत्या. मी तिच्याजवळ आडवी झाले आणि हळूच गोंडीत बोलायला लागले. झोपलेल्या मुलीशी बोलणं नियमात बसतं का, कोण जाणे. तिला मोह कसा गळतो ते सांगितलं, पहाटे अंगणात टप टप आवाज कसा येतो. माझे बाबा तळ्याकाठी अस्वल बघून झाडावर कसे चढले आणि अस्वलही त्याच झाडावर कसं चढायला लागलं. माझी आई मला काय म्हणून हाक मारायची. बोलता बोलता माझाच डोळा लागला आणि गोष्ट स्वप्नात पुढे गेली.

मग ते रोजचंच झालं. दिवसभर मी मराठीतली आई असायचे आणि दुपारी कूलरच्या आवाजाखाली माझी मी. तिला काही कळत नव्हतं, ती झोपलेली होती. मी ते माझ्यासाठीच करत होते.

पावसाळा उलटला आणि मुलगी बोलायला लागली. एकदम, धबधब्यासारखी. आधी ‘दे’, मग ‘नको’, मग आख्खी वाक्यं, स्वच्छ मराठीत. घरात पेढे आले. नवऱ्यानं तिला खांद्यावर घेऊन अख्खी गल्ली फिरवली. नियमानं बोलली की तिची वेळ आली म्हणून बोलली, हे देवालाच ठाऊक. सासूबाई मागच्या अंगणात जाऊन शेजारणीशी पोटभर पोवारीत बोलून आल्या. मी नवऱ्याला विचारलं, ‘आता तरी सोडायचा का तो नियम?’ तो आपल्या बोलीतच म्हणाला, ‘आता कायले बिघडवतं? बोलून राहिली ना पोरगी.’ त्याची भीती मला दिसत होती. ती पुन्हा मुकी होईल ही भीती मलाही होती. मी मनात म्हटलं, संपलं. आई म्हणाली तेच खरं.

ती बोलायला लागल्यावर दुपारची झोप तिला नकोशी झाली. परवा मी तिला घेऊन पडले, तर ती टक्क जागी. मी ‘झोप बाळा’ म्हणत थोपटत राहिले, ती छताकडे बघत राहिली. मग तिनं कूस बदलली, माझ्या पोटाशी आली, डोळे गच्च मिटले. पापण्या थरथरत होत्या, ओठ हसू दाबत होते.

‘मी झोपले,’ ती म्हणाली. ‘आता बोल. अस्वलाचं.’

पलीकडे सासूबाईंचं घोरणं थांबलेलं होतं. मी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि गोंडीत म्हटलं, डोळे उघड.

तिनं उघडले.