इरलं पांघरलेलं झाड

पावस गावच्या थांब्यावर उतरलो आणि पुण्याहून दिमाखात आणलेली माझी छत्री पहिल्याच वाऱ्याला उलटी झाली. ऑफिसातल्या सलीमच्या गावच्या घराच्या खळ्यात (अंगणात) शिरलो, तर भर पावसात एक बुटके गृहस्थ इरलं (भातलावणीत डोक्यापाठीवर घेतात ते) पांघरून उभे. मी वाकून नमस्कार केला, नाव सांगितलं. ते ढिम्म. पडवीतून सलीमचे वडील हमीदचाचा म्हणाले, "वर या. तो झाड हाय."

झाड वाळवंटी गुलाबाचं. चाचांनी अर्धं आयुष्य मस्कतला क्रेन चालवली. खोलीबाहेरचं असलंच झाड गुलाबी फुलांनी कसं भरतं, ते फोनवरून चाचींना सांगत. कायमचे परतताना रोप घेऊन आले. पण इथल्या दमट, ओल्या हवेत मुळं कुजायला बघायची, कळ्या गळायच्या. चाचींना फूल काही दिसलं नव्हतं. यंदा एकच कळी तगली होती आणि चाचांची सगळी अब्रू तिच्यावर लटकत होती.

"फूल कसला, सुरण हाय तो," फुगलेल्या खोडाकडे बघत चाची म्हणाल्या. मला त्यांनी तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण वाढलं. मी पुन्हा पुन्हा मागून घेतलं, तेव्हा पुण्यात जेवायला मिळतं ना, अशी काळजीनं चौकशी केली.

संध्याकाळी वाऱ्यानं इरलं उडवलं. आम्ही दोघं मागे धावलो. चाचांनी ते माडाखाली पकडलं. मी चिखलात बसकण मारली. परतलो तर चाची स्वतः भिजत, घरातली एकमेव धड छत्री झाडावर धरून उभ्या.

"बघताय काय? इरला बांदा आदी."

सकाळी कळी उमलली. चाची चहाचं आधण सोडून आल्या, बराच वेळ बघत राहिल्या.

"इतकी वर्सा तुमी ह्याच बघत बसायचात?"

"दुसरा काय होता तिथं बघायला," चाचा म्हणाले.

ओढणीच्या टोकानं चाचींनी पाकळीवरचं पाणी टिपलं. मग दोघांचा चहा खळ्यातच आणला. माझा पडवीत ठेवला. मीही शहाण्यासारखा पडवीतच बसलो.

निघताना चाचा एक फांदी तोडून देऊ लागले. मी नको म्हटलं. पुण्याच्या कोरड्या हवेत ती विनातक्रार फुलली असती. तिला इरलं लागलं नसतं, आणि तिच्या फुलाकडे तसं बघायला आमच्या घरी कुणाला सवड झाली नसती.