कारण: पूर्वीपासून

कोणी कोणाशी बोलायचं नाही, हे ठरवण्याचा आमच्या ह्यांना पगार मिळतो.

डेटा सेंटरमध्ये कपाटांसारखे कॉम्प्युटर रांगेने उभे असतात. एकेका खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात पुष्कळ आभासी मशीनं राहतात, एका घरात अनेक बिऱ्हाडं राहावीत तशी. त्यांच्यामध्ये रस्ते असतात, तेही आभासीच. कोणत्या मशीनला किती मेमरी द्यायची, कोणाला कोणत्या रस्त्याला लावायचं आणि कोणाच्या तोंडावर दार बंद करायचं, हे सगळं हे स्वतःच्या हाताने करायचे. एखाद्या खात्याने नवं मशीन मागितलं की ते मिळेपर्यंत आठवडा जायचा. "सावकाश केलं की चुकत नाही," असं ह्यांचं म्हणणं. घरातला नळ दुरुस्त करतानाही ते हेच म्हणतात. नळ गळतो.

आमच्या वरच्या मजल्यावर ह्यांचे थोरले भाऊ राहतात. भाऊजींनी लग्न केलं नाही. भांडायला भाऊ होता, तेवढा त्यांना पुरला. दोघांचा नऊ वर्षांचा अबोला, आणि त्याचं कारण जिन्याचा रंग. एकाला राखाडी हवा होता, एकाला पिवळा. अबोला असला तरी बोलणं थांबलेलं नव्हतं, ते माझ्यातून चालायचं. हे जिन्याच्या खालच्या पायरीवर, भाऊजी वरच्या, आणि मी मध्ये.

"वरच्यांना विचार, मोटर बंद केली का."

"खालच्याला सांग, केली."

दोघांनाही एकमेकांचं स्वच्छ ऐकू यायचं. तरी मी ते पुन्हा म्हटल्याशिवाय निरोप पोचला असं दोघंही धरत नसत. सुंभ जळेल, पण पीळ जायचा नाही, अशातली गत.

यंदा दोन गोष्टी एकदम आल्या. ह्यांच्या ऑफिसात सगळं आपोआप करणारी यंत्रणा आली, आणि भाऊजींच्या घशात गाठ आली. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, की स्वरयंत्र काढावं लागेल. माणूस वाचेल, आवाज राहणार नाही. भाऊजींनी हे मला जिन्यात सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "खालच्याला कळव." खालचा चार पायऱ्या खाली उभा होता. मी कळवलं.

"विचार, ऑपरेशन कधी," हे म्हणाले.

पुढच्या महिन्यात होतं. मला वाटलं, आता तरी चार पायऱ्या चढतील. ते नळ बघायला गेले. त्या दिवशी दोघांचाही मला असा संताप आला, की भांडी घासताना आजूबाजूच्या तीन घरांना कळलं.

ऑफिसात मात्र कामं भराभर होऊ लागली. खात्याने मागणी नोंदवली, की चहा गार व्हायच्या आत मशीन तयार, मेमरी मोजून, रस्ता जोडून. काम संपलं की यंत्रणाच ते मशीन मोडणार आणि जागा परत घेणार. ह्यांची नोकरी गेली नाही. यंत्रणेला नियम शिकवायला ह्यांनाच बसवलं. ती प्रत्येक बंद दारापाशी थांबायची आणि कारण विचारायची.

"अगं, निम्म्या दारांचं कारण कोणालाच ठाऊक नाही," हे एकदा जेवताना म्हणाले. "ज्यांनी बंद केली ते कधीच निवृत्त झाले."

"मग काय लिहिलंत?"

"पूर्वीपासून."

"तिने घेतलं?"

"नाही. म्हणते, हे कारण होत नाही."

"शहाणी दिसते," मी म्हटलं आणि छताकडे बघितलं. ह्यांनी मीठ मागितलं.

ऑपरेशन आठवड्यावर आलं तेव्हा हे एकदा अगदी पडलेल्या चेहऱ्याने घरी आले. मला वाटलं, नोकरी गेली. तसं नव्हतं. हिशेब खातं आणि भांडार यांच्या मशीनांमधलं दार फार वर्षं बंद होतं. म्हणून मध्ये एक तिसरं मशीन ठेवलेलं. ह्याचं ऐकायचं, त्याला सांगायचं, एवढंच त्याचं काम. दार बंद असायला काही कारण नाही, हे यंत्रणेच्या लक्षात आलं. तिने दार उघडलं, मधलं मशीन मोडलं आणि त्याची मेमरी दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाकली.

"बिचाऱ्याने कधी एक निरोप चुकवला नाही," हे हळहळले.

माझ्यासाठी ह्या घरात इतकं कोणी हळहळलं नव्हतं.

"आणि त्या दोघांचं कसं चाललंय आता?" मी विचारलं.

"झकास. मधल्यामुळेच वेळ लागत होता म्हणे."

मी त्यांना आणखी भात वाढला.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी आम्ही तिघं गाडीतून निघालो. हे चालवायला, मी शेजारी, भाऊजी मागे. त्यांचा आवाज आधीच खरखरीत झाला होता, आणि घशाला ताण द्यायचा नाही अशी डॉक्टरांची ताकीद होती. चौक आला.

"त्याला सांग, डावीकडे घे," भाऊजी म्हणाले.

मी मिठाची गुळणी धरली.

"अगं, सांग त्याला."

मी बाहेरच्या दुकानांच्या पाट्या वाचायला लागले. हे माझ्याकडे बघत म्हणाले, "काय म्हणतायत वरचे?" मी पुढची पाटी वाचली. आवाजाचे शेवटचे दोन-तीन तास, आणि तेही मी वाया घालवतेय की काय, असं वाटत होतं. गाडी सरळ गेली. दवाखान्याचा रस्ता मागे पडला.

"अरे गाढवा, डावीकडे होतं! डोळे आहेत की बटणं?"

ह्यांनी गाडी कडेला घेतली. हात चाकावर तसेच ठेवून, मागे न बघता म्हणाले, "पुन्हा म्हण, दादा."

"काय?"

"तेच."

भाऊजी सीटवर पुढे सरकून बसले. मग म्हणाले, "गाढवा."

त्यानंतर ह्या माणसाने, ज्याने रिकाम्या रस्त्यावरही कधी सिग्नल मोडला नाही, दिसेल ते वळण चुकवलं. डावीकडे म्हटलं की उजवीकडे घेतलं, उजवीकडे म्हटलं की सरळ. भाऊजी प्रत्येक वळणाला नव्याने शिव्या घालत होते. गाडी चालवण्यापासून सुरुवात झाली, ती लहानपणीची सायकल कोणी मोडली, आईने कोणाला पाठीशी घातलं, इथपर्यंत गेली. हे मधूनच "हो दादा" म्हणायचे, मधूनच "नाही दादा, ती तूच मोडलीस." मला रडू आवरत नव्हतं, पण माझ्याकडे बघायला दोघांनाही सवड नव्हती.

दवाखान्यात आम्ही चांगलेच उशिरा पोचलो. नर्सने भाऊजींचा घसा तपासला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"लालभडक झालाय. बोलायचं नाही म्हणून बजावलं होतं ना? एवढं कोणाशी बोलत होते हे?"

मी सवयीने तोंड उघडलं. तेवढ्यात हे पुढे झाले.

"माझ्याशी," म्हणाले.